छत्तिसाव्या वर्षी संस्था बदलून विद्यापीठात संगणकशास्त्राला प्रवेश घ्यावा का?

आधीच्या संस्थेतील दोन वर्षांचे क्रेडिट घेऊन, वयाच्या ३६व्या वर्षी, विद्यापीठात संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला बसल्यास विशीतल्या मुलांपुढे निभाव लागेल का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः बारा वर्षे हिशेबनीस म्हणून काम केल्यावर ३८व्या वर्षी असाच प्रवेश घेतला होता. मला वयाचा त्रास वाटला होता त्यापेक्षा पुष्कळच कमी झाला; संस्था बदलल्याचा मात्र बराच अधिक झाला.

पहिली अडचण कागदावरची. क्रेडिट मान्य होणे आणि विषय मान्य होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला प्रवेशानंतर कळले. माझे जवळजवळ सगळे क्रेडिट स्वीकारले गेले, पण त्यांतले बरेचसे ऐच्छिक म्हणून जमा झाले. म्हणजे एकूण बेरीज वाढली, परंतु सक्तीचे विषय तसेच शिल्लक राहिले. संगणकशास्त्रात हे फार जड जाते, कारण येथे विषय एकमेकांना बांधलेले असतात: प्रोग्रामिंगनंतर डेटा स्ट्रक्चर्स, त्यानंतर अल्गोरिदम, आणि आधीचा विषय उत्तीर्ण झाल्याखेरीज पुढच्याला सहसा नाव नोंदवता येत नाही. त्यातला एखादा विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल, तर एक सेमिस्टर हुकले की अख्खे वर्ष जाते. माझे तसे गेले. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी प्रत्येक जुन्या विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम विभागाकडे द्यावा आणि तो नेमक्या कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल, हे लेखी घ्यावे. किती क्रेडिट उरले यापेक्षा सर्वांत लांब साखळीत किती विषय उरले, ते मोजावे. पदवीला लागणारा काळ त्यावरच ठरतो.

दुसरी अडचण डोक्यातली. आधीच्या ठिकाणी मी जावा शिकलो होतो, येथे सगळे काम सी भाषेत होते. पहिल्याच महिन्यात लिंक्ड लिस्ट, म्हणजे पुढच्याचा पत्ता सांभाळणाऱ्या नोंदींची (नोडची) साखळी, मोकळी करण्याचा प्रोग्राम लिहिला. तो माझ्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालायचा आणि विद्यापीठाच्या सर्व्हरवर सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत नको तेथे हात घातल्याची चूक) देऊन बंद पडायचा. तीन तास मी भलत्याच ओळी तपासत होतो. शेवटी शेजारच्या मुलाने पडद्यावर बोट ठेवले आणि म्हणाला, "काका, घर पाडून झाल्यावर त्याच घरात शिरून शेजाऱ्याचा पत्ता शोधताय." मी आधी नोडची मेमरी मोकळी करत होतो आणि मग त्याच नोडमधून पुढच्या नोडचा पत्ता वाचत होतो. जावामध्ये वापरात नसलेली मेमरी गार्बेज कलेक्टर गोळा करत असल्याने हा विचार करण्याची वेळच माझ्यावर कधी आली नव्हती. दोन्ही संस्थांनी विषयाला नाव एकच दिले होते, पण आतला माल वेगळा होता.

गणित गंजलेले असते, हे गृहीत धरावे. लॉगरिदम मी पूर्ण विसरलो होतो आणि इंडक्शनची (एका पायरीवरून पुढची सिद्ध करत जाण्याची) सिद्धता पायऱ्या पाठ करून लिहीत होतो. रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारे, फंक्शन आणि इंडक्शन हे एकाच विचाराचे दोन चेहरे आहेत, हे उमगायला दीड महिना लागला. वर्गात तरुण मुलांना ते सोपे जात होते, कारण त्यांचे गणित कालपरवाचे होते. प्रवेशाआधी चार-पाच महिने असतील, तर नवीन भाषा शिकण्यापेक्षा रोज अर्धा तास कागदावर डिस्क्रीट मॅथ्स (तर्क, संच, मोजणी यांचे गणित) करावे.

वयाचा उपयोगही झाला, पण अनपेक्षित जागी. हिशेब जुळत नसेल आणि फरकाला ९ ने भाग जात असेल, तर कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी, हे हिशेबनिसाला ठाऊक असते. आणि ती सापडत नसेल तर वही मध्यावर दुभागून कोणत्या अर्ध्यात चूक आहे, ते तो पाहतो. प्रोग्राममधील चूक मी याच पद्धतीने शोधू लागलो. हीच बायनरी सर्च. दहा लाख नोंदींत ती जास्तीत जास्त २० तुलनांत काम संपवते. शिवाय प्राध्यापकांच्या दारात जाऊन "मला हे कळले नाही" असे म्हणायला मला लाज वाटत नसे.

अमेरिकी संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९४४ साली, ३७व्या वर्षी, मार्क वन या संगणकावर काम सुरू केले, हे उदाहरण आपल्याला कोणीतरी ऐकवेलच. ते खरे आहे, पण त्यांच्याकडे १९३४ पासून गणितातली डॉक्टरेट होती, तेव्हा या तुलनेतून फार धीर घेऊ नये.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. थेट तिसऱ्या वर्षाला आलेल्याला इंटर्नशिपसाठी पदवीपूर्वी बहुधा एकच उन्हाळी सुट्टी मिळते आणि तिचे अर्ज पहिल्या सेमिस्टरमध्येच, नव्या विद्यापीठाचे गुण हाती येण्याआधी करावे लागतात. त्या सेमिस्टरमध्ये प्रयोगशाळेचे दोन जड विषय एकत्र घेऊ नयेत. मी घेतले होते आणि अर्ज करायचे राहून गेले.