हरवलेलं मांजर स्वतःहून घरी परत येतं का, आणि रस्ता कसा शोधतं?

येतं हो, पण आधी हे की बऱ्याचदा ते लांब गेलेलंच नसतं. २०१८ च्या एका अभ्यासात सापडलेल्या मांजरांपैकी ७५ टक्के ५०० मीटरच्या आतच होती. घाबरून दबून बसतात, हाक मारली तरी ओ देत नाहीत. आमची मनी दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळाली, आम्ही इंदूरभर, रामबागेपासून पार राजवाड्यापर्यंत शोधत फिरलो आणि तिसऱ्या रात्री ती शेजारच्यांच्या जिन्याखाली सापडली, मिशांना जळमटं, आवाज बसलेला. रडूच आलं मला.

रस्त्याचं म्हणाल तर जवळपास वासावरच चालतं, गाल घासून, नखं ओरबाडून त्यांनी आपला वास सगळीकडे लावलेला असतो, शिवाय ओळखीच्या जागा, आवाज. लांबून मात्र कसं जमतं ते कोड्यासारखंच आहे. १९२२ मध्ये अमेरिकेत हेरिक नावाच्या प्राध्यापकाने पिल्लंवाल्या मांजरीला काही मैलांवर नेऊन सोडलं तरी ती परत आली. पृथ्वीच्या चुंबकत्वाचं म्हणतात पण ते सिद्ध झालेलं नाही.

तुम्ही आज रात्रीच सामसूम झाल्यावर टॉर्च घेऊन गाड्यांखाली, जिन्यांखाली, गच्चीवर बघा, डोळे चमकतात लगेच.