जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग यांनी दुसऱ्या महायुद्धात नैतिक कारणासाठी अणुबॉम्ब बनवणे टाळले असे ऐतिहासिक नाटक-कादंबऱ्यांत दाखवतात, ते खरे मानावे का?

नाही, ते सिद्ध झालेले सत्य मानू नये. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनव्याप्त कोपनहेगनमध्ये हायझेनबर्ग डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांना भेटले. त्या भेटीविषयी बोर यांनी पुढे लिहिलेल्या, पण कधीच न पाठवलेल्या पत्रांचे मसुदे २००२ मध्ये खुले झाले आणि त्यांत, हायझेनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली जर्मनीत अण्वस्त्रांसाठी सर्व प्रयत्न चालू आहेत असाच आपला समज झाल्याचे बोर नोंदवतात. मला त्याहून बोलका वाटतो तो फार्म हॉलचा पुरावा: इंग्लंडमधील त्या घरात स्थानबद्ध असताना, ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमाची बातमी ऐकून हायझेनबर्ग यांचा तिच्यावर प्रथम विश्वासच बसला नाही, हे तेथील गुप्त ध्वनिमुद्रणांतून कळते; असा बॉम्ब बनला यावरच ज्यांचा विश्वास बसत नव्हता, त्यांनी तो नैतिक कारणाने टाळला असे मानणे अवघड आहे. मात्र बोर यांचे मसुदे भेटीनंतर सोळा वर्षे उलटल्यावरचे असल्याने त्यांची स्मृतीही अंतिम पुरावा ठरत नाही.