ग्राहकाच्या कार्यालयातील कॉपियरवर दूरस्थ देखरेख बसवताना

कॉपियरच्या प्रतींचे आकडे आणि टोनरची पातळी आपल्या पडद्यावर दुरून दिसावी म्हणून हे सॉफ्टवेअर असते. ते बसवण्यापूर्वी ग्राहकाचे नेटवर्क सांभाळणाऱ्या व्यक्तीशी बोलून घ्या. तिची लेखी संमती नसेल तर पुढे जाऊच नका. माहिती गोळा करणारा एजंट, म्हणजे हे सॉफ्टवेअर, कॉपियरला एसएनएमपीद्वारे (नेटवर्कवरील यंत्रांची माहिती विचारण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) यूडीपी १६१ या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरील क्रमांकाच्या वाटेवर, प्रश्न विचारतो आणि उत्तरे बहुधा ४४३ पोर्टवरून बाहेर पाठवतो; त्यामुळे फायरवॉलमध्ये बाहेरून आत येणारी वाट उघडण्याची गरज सहसा पडत नाही, हे त्या व्यक्तीला समजावून सांगितले की निम्मा विरोध तिथेच मावळतो. एसएनएमपीचा 'पब्लिक' हा मूळ परवलीचा शब्द तसाच ठेवू नका आणि यंत्रात सोय असेल तर एसएनएमपीची अधिक सुरक्षित आवृत्ती ३ वापरा.

एजंट कायम चालू राहणाऱ्या संगणकावरच बसवावा. सुरुवातीला मी तो एका ग्राहकाकडे लेखापालांच्या लॅपटॉपवर बसवला होता. ते सायंकाळी लॅपटॉप घरी नेत आणि आमच्या पडद्यावर सगळी यंत्रे 'ऑफलाइन' दिसत. कॉपियरचा आयपी पत्ताही राउटरमध्ये राखून ठेवा, नाहीतर पत्ता बदलताच यंत्र हरवल्यासारखे वाटते.

सर्वांत जास्त वेळ मात्र काउंटरला, म्हणजे यंत्रातील प्रती मोजणाऱ्या आकड्यांना, द्या, कारण बिल त्यावरच निघते. यंत्रातून काउंटरचे पान छापून काळ्या आणि रंगीत प्रतींचे आकडे एजंटने आणलेल्या आकड्यांशी स्वतः ताडून पाहा. काही यंत्रे ए३ आकाराची एक प्रत दोन म्हणून मोजतात. टोनरचा इशारा किती टक्क्यांवर यावा, हे टोनर पोहोचायला लागणाऱ्या दिवसांवरून ठरवा.