चारशे वर्षांचा हिरो आणि आपण

मागच्या अंकात व्हॅम्पायरच्या प्रेमकथांवर जाता जाता दोन ओळी लिहिल्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की म्हटलं हा अंक त्यालाच देऊन टाकू. वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत बायका (आणि लपूनछपून पुरुषसुद्धा) हे वाचतात हे ठाऊक होतं, पण इतकं जीव लावून वाचतात याची कल्पना नव्हती. पत्रं थोडी छाटलीत, नावं काढून टाकलीत.

ताई, मी देवगडची. वय ४२, पतपेढीत नोकरी. नवरा शिपवर, वर्षातले सात-आठ महिने बाहेरच. रात्री सगळं आवरून मुलं झोपली की मी मोबाईलवर या कादंबऱ्या वाचते. हिरो तीन-चारशे वर्षांचा, मरत नाही, म्हातारा होत नाही आणि एका साध्या मुलीवर जीव ओवाळून टाकतो. सासूबाई म्हणतात, "काय गो, रातभर भुताखेताचां काय वाचत ऱ्हवतंस?" हिशोबात एक रुपया चुकला तरी ज्या बाईला झोप लागत नाही ती बाई असल्या अशक्य गोष्टीत कशी काय अडकते? माझ्यात काही बिघडलंय का?

अगं बिघडलं काही नाही. उलट तुझ्यासारख्या हिशोबाच्या बाईलाच हे आधी कळायला पाहिजे होतं, कारण या पुस्तकांतली सगळ्यात मोठी चैन म्हणजे वेळ. रक्त, सुळे, काळे कोट हे सगळं वरवरचं. हिरोला अमर केलाय कशासाठी ते बघ ना. मरण नाही म्हणून घाई नाही, पोटापाण्याची काळजी नाही (दीडदोनशे वर्षांत पैसा कुठून तरी साठलेला असतोच, त्यावर लेखिका दोन ओळींच्या वर खर्च करत नाहीत), जॉइनिंगची तारीख नाही, सुट्टी संपत नाही, इतकंच काय ट्वायलाइट या गाजलेल्या अमेरिकन व्हॅम्पायर कादंबरीतल्या एडवर्डला तर झोपसुद्धा नसते. मग एवढा रिकामा वेळ असलेला माणूस करतो काय, तर तिच्याकडे लक्ष देतो. बोलता बोलता ती मध्येच थांबली तर का थांबली, हे त्याच्या ध्यानात येतं.

आता मला सांग, आपल्या या किनाऱ्यावर हे सुख कुणाच्या पदरात पडलंय? आपल्या आज्या-पणज्यांचे नवरे मुंबईत गिरणीला, घरी यायचे गणपतीला नाहीतर शिमग्याला, एरवी मनीऑर्डर आणि खाली खुशालीच्या दोन ओळी. पुढे गल्फ आलं, आता शिप. आणि घरी आल्यावर तरी काय, पहिले चार दिवस पाव्हणेरावळे, मग गळणारी कौलं, कलमांची फवारणी, बँकेची कामं, भावकीतला बांधाचा वाद, आणि जरा निवांत बसून बोलावं म्हणेपर्यंत एजंटचा फोन. यात त्या माणसाची चूक आहे असं मी म्हणत नाही, तो बिचारा तिकडे इंजिनरूममध्ये घाम गाळतो तो तुमच्यासाठीच. पण देखणा हिरो काय, टीव्ही लावला की संध्याकाळी सातपासून रांगच लागते. ज्याला कुठेच जायचं नाही असा हिरो मात्र या पुस्तकांशिवाय मिळत नाही, आणि जिचा माणूस सतत कुठेतरी जात असतो ती त्यात अडकणारच की.

दुसरं असं की शेवट पक्का असतो. अमेरिकेत रोमान्स लिहिणाऱ्यांची एक जुनी संघटना आहे, रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका, त्यांच्या व्याख्येत दोनच गोष्टी आहेत : गोष्टीच्या मध्यभागी प्रेमकथा पाहिजे आणि शेवट समाधानाचा, आशेचा पाहिजे. म्हणजे मध्ये किती का संकटं येईनात, ही दोघं एकत्र येणार हे पहिल्या पानावरच ठरलेलं. जिला जून महिन्यात वादळाची बातमी लागली की आधी नवऱ्याचं जहाज नेमकं कुठे आहे ते आठवतं, तिला अशी खात्री रात्री अकरा वाजता हवीशी वाटणार नाही तर काय.

आणि वयाचं बोलू का थोडं? ट्वायलाइटचा दुसरा भाग सुरू होतो तोच नायिकेच्या स्वप्नाने. तिला समोर आपली आजी दिसते आणि मग लक्षात येतं की ती आजी नाहीये, आरशात आपणच आहोत, सुरकुतलेल्या, आणि शेजारी तो तसाच्या तसा कोवळा. त्या दिवशी पोरीचा अठरावा वाढदिवस! अठराव्या वर्षी म्हातारपणाला घाबरणारी मुलगी बघून मला आधी हसूच आलं. पण लिहिणारी तेव्हा तिशीतली, तीन मुलांची आई होती, आणि माझ्या ओळखीत ते पान सगळ्यात जास्त भिडलं ते पार्लरमध्ये कानशिलावरचे पांढरे केस झाकून घेणाऱ्या बायकांना. तो म्हातारा होत नाही यात आपल्याला काही मोठं अप्रूप नसतं. मला असं दिसलं तरी तो बघतच राहील का, हा खरा प्रश्न, आणि पुस्तक त्याला हो म्हणतं.

नवऱ्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. वाटलं तर पुढच्या व्हिडिओ कॉलवर एक पान वाचून दाखव, नेटवर्क टिकलं तर. तो काय म्हणतो ते मला कळवायचं मात्र.

माझी मुलगी अकरावीला आहे, चिपळूणला क्लासला जाते. अभ्यासाच्या पुस्तकात फोन ठेवून हेच वाचत असते. यातला हिरो मुलीच्या खोलीत रात्री गुपचूप येऊन तिला झोपलेली बघत बसतो म्हणे! उद्या असाच कुणी पाठलाग करणारा मुलगा तिला प्रेमवीर वाटला तर? फोन काढून घेऊ का?

फोन काढून घेतलात तर मैत्रिणीच्या फोनवर वाचेल, म्हणजे तुम्हाला कळायचंही बंद. तुमची काळजी मात्र खोटी नाही, तो प्रसंग ट्वायलाइटमध्ये तसाच आहे आणि मलाही तो आवडत नाही. एडवर्ड म्हणजे दिसायला सतरा, कागदोपत्री शंभरी ओलांडलेला माणूस (त्याचं वय थांबलं १९१८ साली, स्पॅनिश फ्लूमध्ये, त्याच साथीने तेव्हा आपल्या मुंबईतही हाहाकार उडवला होता), तो न विचारता खिडकीतून आत येतो. तुम्ही हे पान मुलीबरोबर वाचा आणि सरळ विचारा, हाच पोरगा तुझ्या क्लासच्या नाक्यावर रोज उभा राहिला आणि तुझ्या मागे घरापर्यंत आला तर तू काय करशील? लेक्चर देऊ नका, फक्त विचारा. बहुतेक मुलींना पुस्तकातलं आणि नाक्यावरचं वेगळं करता येतं, तुमच्या मुलीला येत नसेल तर ते तुम्हाला तेव्हाच कळेल आणि मग पुढचं बोलता येईल.

बाकी एका बाबतीत निश्चिंत राहा. ट्वायलाइटच्या मूळच्या चार पुस्तकांत एडवर्ड आणि नायिकेचं लग्न लागतं चौथ्यात. त्याआधी तो सारखा स्वतःला आवर घालत असतो, कारण जरा तोल गेला तर तिच्या जिवावर बेतेल. या वयाच्या मुलींना त्यातलं नेमकं काय आवडतं असं विचाराल तर मला वाटतं हेच, ओढ भरपूर आणि ब्रेक त्याच्या पायाखाली. आपल्या प्राइमटाइम मालिकांपेक्षा हे कितीतरी सोवळं आहे हो.

मी निवृत्त शिक्षक, रत्नागिरी. अमर प्रियकर, रक्त पिणारे प्रेमी हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे. आपल्या वाङ्मयात असलं काही नाही आणि नसावं. आपण याला उत्तेजन देऊ नये.

सर, रक्त पिण्याचं त्यांचं त्यांना देऊन टाकू. व्हॅम्पायरला उमरावाचे कपडे चढले ते आपल्यासारख्याच पावसामुळे. १८१५ साली इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला, त्याची राख आकाशात पसरून १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही, आणि जिनिव्हाच्या तळ्याकाठी सुट्टीला गेलेली बायरन, शेली वगैरे इंग्रज कवी मंडळी पावसाने घरात कोंडली गेली. करायचं काय, तर प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची असं ठरलं. त्यातून मेरी शेलीचा फ्रँकेन्स्टाइन निघाला आणि बायरनचा डॉक्टर पोलिडोरी याची व्हॅम्पायरची गोष्ट निघाली, ती १८१९ मध्ये छापून आली. ड्रॅक्युला आला १८९७ ला. तोवर हा प्राणी घाबरवणाराच होता, त्याला प्रेमिक व्हायला आणखी बरीच वर्षं लागली.

पण अमर आणि मर्त्य यांचं प्रेम आपल्या वाङ्मयात नाही असं कसं म्हणता सर? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा आणि उर्वशीचं भांडण आहे ना, ९५ वं सूक्त. ती अप्सरा, हा माणूस, आणि ती सोडून चाललीये. शतपथ ब्राह्मणात त्याची अख्खी गोष्ट येते. तिची अट अशी की तू मला उघडा दिसता कामा नयेस. गंधर्व रात्री तिची कोकरं पळवतात, हा तसाच उठून धावतो, ते विजेचा लखलखाट करतात, ती बघते आणि दिसेनाशी होते. मग हा वेड्यासारखा तिला शोधत फिरतो, आणि पुढे गंधर्व वर माग म्हणाले तर काय मागतो? मला तुमच्यातलाच एक करा. ते त्याला अग्नी देतात, यज्ञ सांगतात आणि हा गंधर्व होतो. प्रियेसाठी माणूसपण सोडून तिच्या जातीत जाणं, हाच तर या सगळ्या व्हॅम्पायर पुस्तकांचा शेवटचा पेच! आपल्याकडे फक्त तो बाईवर न टाकता राजावर टाकलाय, जे मला जास्त आवडतं.

आणि वटपौर्णिमेला आपण सात जन्म मागतो, पण सावित्रीने स्वतः काय मिळवलं ते वनपर्वात बघा. यम तिला सांगतो, सत्यवान तुझ्यासह चारशे वर्षं जगेल. चारशे! सात जन्मांत गोची अशी की दर वेळी आधीचं विसरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यायची. सावित्री हुशार, तिने याच जन्मात सलग मागून घेतलं. देवगडच्या ताईंचा हिरो साधारण त्याच वयाचा आहे, तेव्हा खूळ म्हणायचं तर दोघींना म्हणा.

एक मात्र तुमच्या बाजूचं सांगते. आपले सात चिरंजीव घ्या, त्यात प्रियकराच्या कामाचं कुणी नाही. मारुती आणि आपले परशुराम ब्रह्मचारी, अश्वत्थामा जखम घेऊन शापाने भटकतोय. आपल्याकडे न मरणं ही एकतर कामगिरी नाहीतर शिक्षा. तिकडच्या जुन्या गोष्टींतही शिक्षाच होती, तिचं बक्षीस या कादंबऱ्यांनी केलं.

व्हॅम्पायर कोकणात आला तर टिकेल काय हो? (मालवण)

जून ते सप्टेंबर मजेत. ट्वायलाइटच्या लेखिकेने अमेरिकेतलं सगळ्यात पावसाचं ठिकाण शोधून फोर्क्स हे गाव निवडलं होतं, ऊन नको म्हणून, तेव्हा आपल्याकडचा आषाढ त्याला स्वर्गच. ऑक्टोबर हीटमध्ये मात्र माळ्यावर लपायचं, आणि मे महिन्यात सगळे मुंबईकर आंबे खायला आले की माळ्यावरही जागा नाही. जुन्या पद्धतीचा, लसणीला घाबरणारा असेल तर लसणीच्या चटणीच्या वासानेच परत जाईल.

मी कुडाळचा, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मला मराठीत अशी कादंबरी लिहायचीय, प्रतिलिपी ॲपवर भागाभागाने टाकायचा विचार आहे. पण व्हॅम्पायर नको, आपलं काहीतरी पाहिजे. मुंज्या घेऊ की ब्रह्मसमंध की देवचार?

वा रे पोरा! आधी मुंज्या काट. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंज्या, म्हणजे पोरगंच ते, त्याला प्रेमकथेत घालणं बरं दिसत नाही. ब्रह्मसमंध विद्वान असतो पण खडूस, धनाच्या हंड्यावर नाहीतर आपल्या वाड्यावर बसलेला. आणि आपल्या बहुतेक भुतांची अडचण ही की ती जागेला बांधलेली असतात, पिंपळ, विहीर, तिठा, आणि काहीतरी राहून गेलेलं असतं म्हणून अडकलेली असतात. इच्छा पुरी झाली की सुटली. म्हणजे नायिका त्याला मिळाली की हिरो मुक्त होऊन गायब! हा पेच व्हॅम्पायरवाल्यांकडे नाही, तुझ्याकडे आहे. वापरायचा असेल तर जोरात वापर, पण रोमान्सचा वाचक शेवटाला रडवलास तर तुला शिव्या घालेल हे लक्षात ठेव.

मला विचारशील तर देवचार. तो राखणदार, रात्री काठी घेऊन गावाची शीव फिरतो असं आपण मानतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो. म्हणजे वेळ अमाप आहे पण रिकामटेकडा नाही, अख्ख्या गावाची जबाबदारी अंगावर. नायिकेला पुण्याला नोकरी लागली तर? याला तर शीव ओलांडता येत नाही. आपल्याकडे कायम बाप्या जातो आणि बाई राहते, इथे ती जाणारी आणि तो कायमचा राहणारा, एवढ्या एका गोष्टीवर तुझे पन्नास भाग आरामात निघतील.

दोन गोष्टी सांभाळ. एक, ही गोष्ट लोकांच्या श्रद्धेतली आहे. आरवलीच्या ग्रामदेव वेतोबाला लोक आजही भल्यामोठ्या चपला अर्पण करतात, त्यात कुणी गंमत म्हणून येत नाही. देवचाराचंही तसंच, तेव्हा टिंगल नको आणि उगाच बॉडीबिल्डरही नको करू. दुसरं, संवाद मालवणीत लिही, निदान त्याचे तरी. एवढी वर्षं शिवेवर फिरणारा माणूस न्यूज चॅनेलच्या मराठीत "माझं तुझ्यावर प्रेम आहे" म्हणायला लागला तर पहिल्याच भागात तुझा वाचक पळेल. "एकटी जाव नको, मी येतंय तिठ्यापर्यंत" एवढं त्याने म्हटलं तरी काम झालं.

पहिले तीन भाग लिहून झाले की पाठव, वाचून सांगते. आणि हिरोचं नाव विवान-बिवान ठेवू नको, गाऱ्हाणं घालताना गावकाराच्या तोंडात बसलं पाहिजे.