योजनेचे कार्ड असूनही एमआरआयचे पैसे का भरावे लागतात?

आपण वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) भागातून दोन गोष्टी विचारल्या आहेत. कंबरदुखीसाठी वडिलांना बाह्यरुग्ण विभागात एमआरआय लिहून दिला आणि महात्मा फुले-आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड दाखवूनही तपासणी केंद्राने रोख रक्कम घेतली, ती परत मिळेल का. आणि गरोदर वहिनींच्या सोनोग्राफीच्या वेळी एवढे कागद का मागतात. पहिल्याचे उत्तर थोडे कडू आहे. तपासणीनंतर वडील भरती झाले नसतील, तर ती रक्कम योजनेतून परत मिळणार नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही योजना राज्यात 2020 पासून एकत्र राबवल्या जातात. आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांचे संरक्षण सांगितले जात असल्यामुळे अनेकांचा असा समज होतो की, त्या रकमेतून हवी ती तपासणी करून घेता येते. प्रत्यक्षात योजना रुग्णालयाला ठरलेल्या उपचाराच्या पॅकेजचे पैसे देते आणि एक्स-रे, सीटी, एमआरआय हे त्या पॅकेजच्या पोटातच धरलेले असतात. भरती नाही तर पॅकेज नाही, आणि पॅकेज नाही तर तपासणीचे पैसेही नाहीत. केंद्र सरकारच्या पॅकेज-यादीत औषधोपचारासाठी भरती झालेल्या रुग्णाच्या सीटी-एमआरआयसारख्या महागड्या तपासण्यांना कुटुंबामागे वर्षाला 5,000 रुपयांपर्यंत वेगळी तरतूद आहे. मात्र तिलाही योजनेकडून आधी मंजुरी (पूर्वमंजुरी) लागते आणि नुसत्या तपासणीसाठी ती वापरता येत नाही.

याची दुसरी बाजू फार कमी लोकांना ठाऊक असते. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे भरतीपूर्वीच्या 3 दिवसांतील तपासण्या आणि सुटी झाल्यानंतरच्या 15 दिवसांतील तपासण्या व औषधे पॅकेजमध्येच मोडतात. म्हणून योजनेतील रुग्णालयाने रुग्णाला भरती करून घेतले आणि आपल्याकडे यंत्र नाही म्हणून बाहेरच्या केंद्रात पाठवले, तर तो खर्च रुग्णालयाने सोसायचा असतो, नातेवाइकांनी नव्हे. अशा वेळी पैसे मागितले गेल्यास भांडत बसू नये. पावती मात्र सोडू नये. ती घेऊन आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे, लेखी तक्रार द्यावी आणि योजनेच्या 155388 या मदत क्रमांकावर नोंदवावी. त्यानंतरही दाद लागली नाही, तर जिल्हा तक्रार निवारण समितीकडे जाता येते. पावती नसेल तर पुढचे सगळे बोलणे हवेत जाते.

वडिलांच्या पुढील उपचारासाठी चिठ्ठीकडे नीट लक्ष द्यावे असे मला वाटते. आपण पाठवलेल्या मजकुरावरून चिठ्ठीत केवळ ‘एमआरआय, एल-एस स्पाइन’ (कंबरेच्या मणक्यांचा एमआरआय) एवढेच लिहिलेले दिसते. पूर्वमंजुरी देणारा डॉक्टर रुग्णाला पाहत नाही, तो संगणकावर चढवलेले कागद वाचतो. त्यामुळे ‘उजव्या पायात तीन महिन्यांपासून कळ, अंगठा वर उचलण्याची ताकद कमी, औषधांनी फरक नाही, चकती सरकल्याचा संशय’ अशी नोंद केसपेपरवर असेल आणि तिच्याखाली डॉक्टरांची सही, शिक्का व नोंदणी क्रमांक असेल, तर प्रकरण शंका काढून परत येण्याची शक्यता बरीच कमी होते. हाड मोडलेल्या रुग्णांत हे अधिक स्पष्ट दिसते: शस्त्रक्रियेच्या मंजुरीसाठी आधीचा एक्स-रे लागतो आणि दाव्याचे पैसे मिळण्यासाठी हाडाला धातूची पट्टी किंवा सळई बसवल्यानंतरचा. कंबरदुखीच्या रुग्णात लघवी अडणे, मांडीच्या आतील भाग बधिर होणे किंवा पायातील ताकद अचानक जाणे यांपैकी काही दिसले, तर चिठ्ठी-मंजुरीच्या भानगडीत न पडता रुग्णाला तातडीने मोठ्या दवाखान्यात न्यावे. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेऊन कागद नंतर जोडण्याची सोय योजनेत आहे.

भरतीची गरज नसलेल्या रुग्णाने कार्ड बाजूला ठेवून वेगळा मार्ग धरावा. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तपासण्यांसह उपचार मोफत आहेत. अडचण अशी की एमआरआय यंत्र प्रत्येक जिल्हा रुग्णालयात नसते, आणि नागपूरची मेडिकल किंवा मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यामुळे हा निर्णय तेथे लागू होत नाही. तेथे शुल्क पडते, पण ते खासगी केंद्रापेक्षा पुष्कळ कमी असते, आणि तेवढेही झेपत नसेल तर त्याच आवारातील समाजसेवा अधीक्षकांना रेशनकार्ड दाखवून सवलतीची विनंती करावी. हा दरवाजा बहुतेक खेड्यातली माणसे ठोठावतच नाहीत.

वहिनींच्या सोनोग्राफीचे कागद विम्यासाठी नसून 1994 च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यासाठी असतात. नोंदणीकृत केंद्राला प्रत्येक गरोदर महिलेचा ‘एफ’ नमुना भरावा लागतो आणि त्यात कोणत्या डॉक्टरांनी कोणत्या कारणासाठी पाठवले ते नोंदवावे लागते. सरकारी दवाखान्यात ही तपासणी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत होते. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर मातांची विशेष तपासणी असते, त्यासाठी आशाताईंना आधी विचारून ठेवावे.

वडिलांच्या एमआरआयच्या फिल्म, सीडी आणि लेखी अहवाल एकत्र जपून ठेवावेत. सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या रुग्णालयात दाखवायला नेताना ते सोबत असले, तर तीच तपासणी पुन्हा करायला सांगितली जाण्याची शक्यता कमी राहील, आणि शस्त्रक्रिया ठरलीच तर पूर्वमंजुरीला हाच अहवाल जोडता येईल का, हे आरोग्यमित्राला भरतीच्या आधीच विचारता येईल.