नव्या पीसीत जुनं विंडोज एक्सपी चालवायचंय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

प्रश्न: ताई नमस्कार, आमचं गिरगावात घरातूनच डीटीपीचं काम चालतं, लग्नपत्रिका, मंडळाच्या स्मरणिका, सोसायटीचे अहवाल वगैरे. सगळ्या जुन्या फाईली पेजमेकर ७ या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरला यूएसबी लॉक आहे (म्हणजे ते डोंगल, लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही). एक्सपीचा जुना पीसी आता कधी बसेल सांगता येत नाही. मुलाने लॅमिंग्टन रोडवरून नवीन पीसी आणलाय, विंडोज ११ होम, १६ जीबी रॅम, पण त्यात ते फॉन्टचं सॉफ्टवेअर इन्स्टॉलच होत नाही. मुलगा म्हणतो आत व्हर्च्युअल मशीन टाकूया. कोणी व्हर्च्युअलबॉक्स सांगतं, कोणी व्हीएमवेअर, कोणी हायपर-व्ही. कुठलं घेऊ, आणि पैसे पडतील का?

उत्तर: मुलाचं बरोबर आहे, तुमच्या कामाला हाच रस्ता सगळ्यात चांगला. व्हर्च्युअल मशीन म्हणजे नव्या पीसीच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला वेगळा पीसी, त्यात जुनं एक्सपी टाकायचं. आणि पैसे पडणार नाहीत.

तीन नावांपैकी हायपर-व्ही आधीच बाजूला काढा. ते मायक्रोसॉफ्टचंच आहे, चांगलं आहे, पण विंडोजच्या प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशनमध्येच येतं, होममध्ये नाही. बरं, पैसे भरून होमचं प्रो करून घेतलंत तरी उपयोग नाही, कारण पीसीला लावलेलं साधं यूएसबी डोंगल हायपर-व्ही आतल्या मशीनला सरळ देतच नाही, आणि लॉक दिसलं नाही तर फॉन्ट उघडणार नाही, मग सगळी मेहनत वाया. लोक स्पीड विचारतात, कुठलं लेटेस्ट आहे ते विचारतात, पण तुमच्या बाबतीत सगळा निर्णय त्या लॉकवर आहे.

राहिले दोन. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो आधी विकत घ्यावं लागायचं, ब्रॉडकॉमने कंपनी घेतल्यानंतर मे २०२४ मध्ये ते घरगुती वापरासाठी फुकट झालं आणि नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यासाठीसुद्धा. डाउनलोड करायला मात्र ब्रॉडकॉमच्या साइटवर खातं उघडावं लागतं आणि तिथे नेमकी फाईल शोधता शोधता माणूस वैतागतो. व्हर्च्युअलबॉक्स ओरॅकलचं, मूळ सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, सरळ उतरवायचं आणि टाकायचं. त्याच्यासोबत एक्स्टेन्शन पॅक म्हणून वेगळी फाईल दिसेल, ती घेऊ नका, ती फुकट आहे ती फक्त वैयक्तिक आणि शिक्षणाच्या वापरासाठी, तुमचा घरातून असला तरी धंदा आहे, आणि तुमच्या कामाला तिची गरजही नाही.

मी तुम्हाला व्हर्च्युअलबॉक्सच सांगेन. त्यात काही अडलंच तर व्हीएमवेअर आहेच, दोन्ही फुकट असल्यामुळे बदलायला काही जात नाही.

आता करायचं कसं. आधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की खाली व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड लिहिलेलं दिसलं पाहिजे, डिसेबल्ड असेल तर बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावं लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तिथे व्हीटी-एक्स शोधा, एएमडीचा असेल तर एसव्हीएम. एक्सपीची मूळ सीडी आणि की कपाटातून काढून ठेवा (ब्रँडेड पीसीबरोबर आलेली की असेल तर ती त्याच मशीनपुरती असते, हे आधी बघून घ्या). नवीन मशीन बनवताना यादीतून विंडोज एक्सपी ३२ बिट हेच निवडायचं, कारण मग व्हर्च्युअलबॉक्स हार्ड डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीने जोडतं. साटा या नव्या पद्धतीवर ठेवली तर एक्सपीच्या सीडीत तिचा ड्रायव्हरच नसतो आणि इन्स्टॉल सुरू होतानाच डिस्क सापडत नाही किंवा निळी स्क्रीन येते, बरेच जण इथेच हात टेकतात. रॅम १ जीबी दिलीत तरी एक्सपी आणि पेजमेकरला भरपूर झाली.

एक्सपी चालू झालं की लॉक पीसीला लावा, वरच्या डिव्हायसेस मेनूत यूएसबीमध्ये त्याचं नाव येईल त्यावर टिक करा, म्हणजे ते बाहेरच्या विंडोजकडून सुटून आतल्या एक्सपीला मिळतं. हे आधी तपासा. लॉक ओळखलं गेलं तरच पुढे पेजमेकर, फॉन्ट वगैरे टाकत बसा. तुमचं लॉक यूएसबी आहे हे खरंच नशीब, प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टवालं असतं तर नव्या पीसीला तो पोर्टच नसतो.

नेटवर्क बंद ठेवा, सेटिंगमध्ये नेटवर्क अडॅप्टरवरची टिक काढून टाका. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ लाच संपला, तेव्हापासूनची भोकं तशीच उघडी आहेत, आणि गिऱ्हाइकांचे नाव-पत्ते-फोन असलेलं मशीन इंटरनेटला जोडायचं नाही म्हणजे नाही, यावर मी अजिबात ऐकणार नाही. फाईलींची देवाणघेवाण शेअर्ड फोल्डरने होते, त्यासाठी एक्सपीच्या आत गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचंच जोड सॉफ्टवेअर) टाकावे लागतात. प्रिंटर आत जोडायच्या भानगडीत पडू नका, पेजमेकरमधून फॉन्ट एम्बेड करून (फाईलीतच घालून) पीडीएफ काढा, फोल्डरमधून बाहेर आणा आणि विंडोज ११ वरून प्रिंट द्या. पत्रिका जशीच्या तशी छापली जाईल, मात्र त्या पीडीएफमधला मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकायला जाल तर भलतीच अक्षरं येतील कारण जुने फॉन्ट युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नाहीत, त्याला कन्व्हर्टर लागेल.

चालवताना खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर घाबरू नका. विंडोज ११ मधलं मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं सेटिंग किंवा तसंच काही चालू असलं की व्हर्च्युअलबॉक्सला विंडोजच्या हायपरवायझरवरून (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या विंडोजच्या आतल्या थरावरून) चालावं लागतं आणि वेग कमी होतो, कासव त्याचंच. ते घालवायला सिक्युरिटी बंद करा असं बरेच जण सांगतील, मी सांगणार नाही. एक्सपी इतकं हलकं आहे की आधी तसंच चालवून बघा.

सगळं नीट बसलं की मशीन शटडाउन करून एक स्नॅपशॉट घ्या, पुढे काही बिघडलं तर त्याच जागेवर परत येता येतं. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो, म्हणून मशीनचा पूर्ण फोल्डर एक्सटर्नल डिस्कवर वेगळा कॉपी करा. आणि जुना पीसी इतक्यात भंगारात देऊ नका, निदान एक अख्खी स्मरणिका नव्यावर करून छापून होऊ दे.

प्रश्न: मी मुलुंडला राहते, बीएससी आयटी करतेय, लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, विंडोज ११ होम. प्रॅक्टिकलसाठी लिनक्स हवंय, व्हर्च्युअलबॉक्स टाकलं तर सगळंच हँग होतंय.

उत्तर: होणारच गं, ८ जीबीत विंडोज, क्रोम आणि पूर्ण उबुंटू डेस्कटॉप एकत्र मावत नाहीत. फक्त कमांड आणि प्रोग्रॅमिंगसाठी हवं असेल तर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) वापर, ते होमवरही चालतं आणि पॉवरशेलमध्ये एका कमांडने येतं. डेस्कटॉप लागणारच असेल तर उबुंटूऐवजी त्याचं हलकं रूप लुबुंटू टाक, त्याला २ जीबी दे आणि तेवढा वेळ क्रोम बंद ठेव. जमलं तर रॅम वाढव, पण आधी सर्व्हिसवाल्याला विचार की स्लॉट आहे का, हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते.

प्रश्न: दादरला राहतो, एम २ चिपचं मॅकबुक आहे, त्यात विंडोज चालेल का?

उत्तर: चालेल, पण आर्मसाठीचं (म्हणजे तुमच्या एम २ सारख्या चिपसाठीचं) विंडोज ११. ते पॅरलल्स या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरवर चालवायला मायक्रोसॉफ्टची अधिकृत परवानगी आहे, पॅरलल्स विकत घ्यावं लागतं. यूटीएम हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकण्यापुरतं ठीक. नेहमीचे विंडोजचे प्रोग्रॅम आर्म विंडोज आतल्या आत भाषांतर करून चालवतं, बरेचसे चालतात, पण डोंगलच्या ड्रायव्हरसारखी खोलवरची गोष्ट आली की अडतं, तेव्हा पॅरलल्सची ट्रायल घेऊन आधी तुमचं नेमकं सॉफ्टवेअर चालवून बघा आणि मगच पैसे भरा.