कम्युनिटी कॉलेजची प्रेसिडेंट अचानक गेली, संध्याकाळचे क्लास कापतायत, बहिणीने कॉलेज सोडावं का?

तुम्ही लिहिलंय की बहीण एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी नोकरीवर मिळणाऱ्या व्हिसावर, कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहते, तिथल्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग करतेय, दोन सेमिस्टर झालेत आणि आता कॉलेजच्या प्रेसिडेंट राजीनामा देऊन गेल्या, जागेवर कुणीतरी हंगामी बसवलंय, क्लास कमी करतायत, तर कॉलेज बुडतंय की काय अशी तिला भीती वाटतेय. मी २०१६ पासून बे एरियातल्या अशाच एका कॉलेजात गणित शिकवते, नाव घेत नाही कारण अजून तिथेच आहे. त्याआधी स्वतः एच-४ वर असताना कम्युनिटी कॉलेजातच शिकलेय, त्यामुळे बाकाच्या दोन्ही बाजू बघितल्यात. माझं उत्तर, सोडू नये. पण तिचे जे विषय राहिलेत त्यांचं वेळापत्रक आजच बघायला सांगा, कारण खुर्चीत कोण बसलंय यापेक्षा वेळापत्रकात काय राहतं आणि काय जातं यावर तिचं वर्ष अवलंबून आहे.

घरच्यांना समजावं म्हणून आधी थोडं. आपल्याकडे कम्युनिटी म्हटलं की समाजाचं, जातीचं कॉलेज वाटतं, माझ्या सासऱ्यांना तसंच वाटलं होतं आणि ते विचारत होते की आपल्याला तिथे घेतात का. तसं काही नाहीये. ही सरकारी दोन वर्षांची कॉलेजं, अठरा वर्षांच्या पुढचा कुणीही येऊ शकतो, मार्कांची अट नाही, इथे दोन वर्षं करून पुढची दोन युनिव्हर्सिटीत करता येतात. पहिलं निघालं १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जॉलिएट गावात. एकट्या कॅलिफोर्नियात आज ११६ आहेत. १९८४ पर्यंत इथे फीच नव्हती, आताही राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटचा विषय १३८ डॉलरला पडतो. आणि एच-४ वाल्यांना एक वर्ष आणि एक दिवस राहिल्यावर हीच फी लागू शकते, बहिणीने केलं असेलच पण नसेल तर तिथल्या ॲडमिशन ऑफिसात कागद घेऊन जाऊ दे, परदेशी विद्यार्थ्याच्या दराने पैसे भरत बसू नये.

आता प्रेसिडेंटचं. मी सांगलीत एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, होते तेव्हा संस्थेचे चेअरमन बोलले की विषय संपला, प्राचार्यसुद्धा मान डोलवायचे. इथे तसं चालत नाही. वर बोर्ड असतं ते त्या भागातल्या मतदारांनी निवडून दिलेलं, त्यात एक विद्यार्थी ट्रस्टीही बसतो. १९८८ साली एबी १७२५ नावाचा कायदा झाला तेव्हापासून अभ्यासक्रम, डिग्रीच्या अटी, ग्रेडिंग अशा गोष्टींत प्राध्यापकांच्या सिनेटचं म्हणणं बोर्डाला विचारात घ्यावंच लागतं. म्हणून प्रेसिडेंट गेल्या म्हणजे बहिणीची डिग्री रद्द झाली, विषय बदलले असं काही होत नाही. पण पैसा कुठे लावायचा, विषयाचा कुठला सेक्शन, म्हणजे कुठल्या वेळेची तुकडी, चालवायचा, कुठला कापायचा हे डीन आणि त्यांच्या वरची माणसं ठरवतात आणि तिथे प्रमुख कसा आहे याचा फार फरक पडतो, तो मी डोळ्याने बघितलाय.

आमच्याकडे २०२२ च्या फॉलला, म्हणजे ऑगस्टपासूनच्या सेमिस्टरला, हेच चाललं होतं. कोविडनंतर कॅम्पस उघडला पण मुलं परत आली नव्हती, दुपारी बारा वाजता जिथे बसायला जागा मिळायची नाही त्या हिरवळीवर चार-पाच टाळकी. राज्याकडून मिळणारा पैसा बराचसा विद्यार्थी किती यावर असतो, २०१८ मध्ये नवा फॉर्म्युला आला त्यातही साधारण ७० टक्के डोक्यांवरच आहे, मग डोकी कमी तर पैसा कमी, अशी सगळ्यांची घबराट. आमचे प्रमुख गेले, हंगामी आले, आणि फतवा निघाला की वीसच्या खाली असलेले सेक्शन बंद. माझा संध्याकाळी सातचा स्टॅटिस्टिक्सचा सेक्शन, त्यात चौदा जण. पहिला आठवडा झाला, मी सगळ्यांची नावं पाठ केली होती आणि गुरुवारी दुपारी मेल आला की क्लास रद्द, मुलांनाही तोच मेल, कॉलेजच्या ईमेलवर. आता संध्याकाळची ही मुलं म्हणजे कोण, तर वेअरहाऊसमधे पॅकिंग करणारी, वृद्धाश्रमात आयाचं काम करणारी, दोन मुलांच्या आया, कॉलेजचा ईमेल ही माणसं रोज उघडत नाहीत.

सोमवारी मी माझी पुस्तकं आणायला त्या खोलीत गेले. त्या खोलीतले दिवे माणूस हलला की लागतात आणि बराच वेळ कुणी हललं नाही की आपोआप बंद होतात. दार उघडलं तर अंधार, आणि मी आत पाऊल टाकल्यावर दिवे लागले तेव्हा तिसऱ्या रांगेत माझी एक विद्यार्थिनी बसलेली, वही उघडी, कॅल्क्युलेटर बाहेर काढलेला. ती वीस मिनिटं बसून होती, हललीच नव्हती म्हणून दिवे गेले होते. सोमवार-बुधवार मोकळे मिळावेत म्हणून तिने मैत्रिणीला आपल्या शनिवारच्या शिफ्ट दिल्या होत्या. स्टॅटिस्टिक्स तिला नर्सिंगला अर्ज करायला लागणार होतं, दुसरा सेक्शन फक्त सकाळी दहाचा. ती पुढच्या सेमिस्टरला आली नाही. त्यानंतर मी तिला बघितलेलं नाही. आजही त्या खोलीत गेले की मी आधी तिसऱ्या रांगेकडे बघते.

तेव्हा मला फार राग आला होता आणि तो अजून आहे, कारण चौदा जणांचा क्लास बंद करून जे वाचलं त्यात मुख्यतः माझाच पगार होता, आणि आम्ही पार्ट टाइम लोक म्हणजे इथले सीएचबीच म्हणा ना, एका डिस्ट्रिक्टमधे, म्हणजे एका बोर्डाखालच्या कॉलेजांत, फुल टाइमच्या ६७ टक्क्यांच्या वर काम देता येत नाही म्हणून मी दोन डिस्ट्रिक्टमधे गाडी पळवत शिकवते. माझं भागलं कसंतरी. त्या मुलीचं वर्ष गेलं.

२०२३ ला नव्या प्रेसिडेंट आल्या. मोठं भाषण नाही, नवं घोषवाक्य नाही. पहिल्याच महिन्यात त्यांनी विद्यार्थ्यांची बैठक घेतली ती संध्याकाळी साडेसहाला, कँटीनमधे, जेवण ठेवून, पोरांना घेऊन या असं पोस्टरवर लिहून, नाहीतर इतकी वर्षं या बैठका दुपारी एकला व्हायच्या जेव्हा कामाला जाणारा कुणी येऊच शकत नाही. तिथे एका बाईंनी उठून सांगितलं की मी तीन वर्षं एकाच विषयासाठी थांबलेय कारण तो दरवेळी रद्द होतो. प्रेसिडेंट बाईंनी विषयाचं नाव लिहून घेतलं, आणि पुढच्या सेमिस्टरपासून दोन नियम झाले. क्लास रद्द करायचाच तर सेमिस्टर सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी, नंतर नाही, आणि डिग्रीतला शेवटचा विषय असेल तर नऊ जण असले तरी चालवायचा. बजेट तेवढंच होतं हो, कुठून राज्याचे जास्तीचे पैसे आले नव्हते. त्यांनी सकाळचे एकाच वेळेला असलेले अर्धे रिकामे तीन सेक्शन एकत्र केले, त्यावर आमचे काही सिनियर सहकारी नाराज झाले, सिनेटमधे दोन बैठका गरम झाल्या, पण त्यांनी रेटून नेलं. माझ्या मते बदलाच्या काळात प्रमुखाचं काम हेच.

मान्यता जाईल का, असंही तुम्ही विचारलंय. ही भीती हवेतली नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजला २०१३ च्या जुलैत मान्यता मंडळाने सांगितलं होतं की वर्षभरात तुमची मान्यता काढतोय, निवडून आलेल्या बोर्डाचे अधिकार काढून एका विशेष ट्रस्टीकडे दिले गेले, आणि मुद्दे होते मुख्यतः कारभाराचे, पैशाच्या नियोजनाचे. शहराच्या वकिलाने मंडळावर केस केली, २०१५ मधे न्यायाधीशांनी मंडळाचीही चूक दाखवली, आणि २०१७ च्या जानेवारीत मान्यता पूर्ण परत मिळाली. या सगळ्यात कॉलेज एक दिवसही बंद नव्हतं, पण हजारो विद्यार्थी नुसत्या बातमीने निघून गेले, आणि जे टिकून राहिले त्यांची डिग्री वैध राहिली. त्याच वर्षी फॉलपासून शहराने आपल्या रहिवाशांना तिथली ट्यूशन माफ केली. तेव्हा बहिणीने मंडळाच्या साइटवर कॉलेजचं नाव टाकून बघावं, तिथे ताकीद वगैरे असेल तर लिहिलेलं असतं, नसेल तर प्रेसिडेंट जाण्याचा आणि मान्यतेचा काही संबंध नाही.

अजून एक गोष्ट आहे जी तिला आत्ता त्रास देत असेल आणि कळत नसेल. क्लास फुल दिसतो, वेटलिस्टवर दहावा नंबर, आणि प्रत्यक्षात कधीकधी त्यातले बरेच विद्यार्थी खोटे असतात. चोरलेल्या नावांनी, बॉट लावून लोक ॲडमिशन घेतात, आर्थिक मदतीचे पैसे उचलतात आणि गायब होतात. गेल्या काही वर्षांत सगळ्या राज्यात हा प्रकार आहे, ऑनलाइन क्लासमधे जास्तच. माझ्या एका ऑनलाइन सेक्शनला चाळीस नावं होती, पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाला स्वतःच्या आवाजात दोन ओळी रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं, तेवीस आल्या. बाकीच्यांना काढलं आणि वेटलिस्टवरच्या खऱ्या माणसांना घेतलं. म्हणून तिला सांगा वेटलिस्ट बघून परत फिरू नको, शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी मेल कर, मी खरी आहे, मला ॲड कोड (भरलेल्या क्लासात नाव घालायचा नंबर) द्या. आम्ही अशा मेलची वाट बघत असतो.

आणि राज्याच्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांच्या वरती जे चॅन्सेलर पद आहे ना, तिथे २०२३ पासून सोनिया ख्रिश्चन आहेत, केरळात वाढल्या, शिकल्या, आणि १९९१ ला बेकर्सफील्ड कॉलेजात गणिताच्या प्राध्यापक म्हणून लागल्या होत्या. हे ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं, फळ्यासमोर उभं राहिलेलं माणूस वर आहे म्हणून.

बहिणीने आत्ता काय करायचं तर काउन्सेलरची वेळ घेऊन लेखी एज्युकेशन प्लॅन करून घ्यायचा, त्यामुळे रजिस्ट्रेशनलाही लवकर नंबर लागायला मदत होते. फायनान्शियल अकाउंटिंग झालं असेल तर पुढचं मॅनेजेरियल अकाउंटिंग, त्याचा संध्याकाळचा सेक्शन बऱ्याचदा एकच असतो आणि कात्री पहिल्यांदा तिथेच लागते. तो गेला तर कॅलिफोर्निया व्हर्च्युअल कॅम्पसवर दुसऱ्या कॉलेजचा ऑनलाइन सेक्शन बघायचा, पण घ्यायच्या आधी ते युनिट आपल्याकडे चालतात का हे काउन्सेलरकडून मेलवर लिहून घ्यायचं, तोंडी नाही. पुढे सॅन होजे स्टेटला वगैरे जायचं असेल तर असिस्ट नावाच्या साइटवर कुठला विषय तिकडे धरतात ते दिसतं. प्रत्येक विषयाचा सिलॅबस डाउनलोड करून ठेवायचा.

आणि पुढच्या बोर्ड मीटिंगला तिने जावंच. कुणालाही बोलता येतं, साधारण तीन मिनिटं देतात, आत जाताना एक कार्ड भरायचं असतं. इंग्रजी अडखळलं तरी चालतं, मी स्वतः पहिल्यांदा कागदावर लिहून वाचलं होतं. कुठला विषय, कितीचा क्लास, तो नसला तर आपली किती महिने वाट बघायची, एवढंच सांगायचं.